कोटगढचे कलम

सफरचंद म्हटले की आपल्याला प्रथम काश्मीर आठवते. आमच्या घरी तर हे फळ येई ते कोणी आजारी पडले म्हणजेच. दवाखान्यातल्या खाटेशेजारी पिशवीत चार सफरचंदे दिसली की दुखणे मोठे आहे असे आम्ही भावंडे समजत असू. पण बाजारात येणाऱ्या या फळाचा मोठा वाटा हिमाचल प्रदेशातून येतो, आणि तिथल्या सफरचंदाची हकिगत एका कुटुंबाच्या बागेशी जोडलेली आहे. ती मला सापडली ती मात्र शेतीच्या पुस्तकात नव्हे. इतिहासाच्या अभ्यासासाठी 'बेगार' म्हणजे आपल्याकडील वेठ हा विषय वाचत असताना ती हाती आली.

सिमल्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, सतलजच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला कोटगढचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे ठाणेदार गावाजवळ बारोबाग नावाची जागा आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका सधन घराण्यात १८८२ साली जन्मलेले सॅम्युएल स्टोक्स १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी सबाथूला आले. पुढे ते कोटगढला रमले. १९१२ साली त्यांनी ॲग्नेस या तिथल्याच मुलीशी विवाह केला आणि जमीन घेऊन ते शेतकरी झाले.

सफरचंद त्यांनीच पहिल्यांदा पहाडात आणले असे मात्र नव्हे. कुलू भागात कॅप्टन ली या इंग्रजाने १८७० च्या सुमारास बाग लावली होती. पण त्या इंग्रजी जाती आंबटसर होत्या, आणि आपल्या लोकांच्या जिभेला फळ गोड लागते. स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतील स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेतून 'रेड डेलिशस' ही गोड, लालभडक जात आणली. कोटगढचे नशीब पालटले ते या जातीने.

येथे कलमाची थोडी माहिती द्यायला हवी. रायवळ आंब्याची कोय लावली तर फळ आईसारखेच येईल असा भरवसा नसतो. म्हणून हापूसचे कलमच करावे लागते. सफरचंदाचेही तसेच आहे. रानटी सफरचंदाच्या रोपाचा खुंट घ्यायचा आणि त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधायची. 'रेड डेलिशस'चे मूळ झाड अमेरिकेच्या आयोवा राज्यात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात आपोआप उगवले होते. नको तिथे आले म्हणून त्याने ते कापले, पण ते पुन्हा फुटले; शेवटी त्याने ते राहू दिले. कोटगढची लाल सफरचंदे त्या एका हट्टी झाडाच्याच काड्यांची संतती होत. शिवाय या जातीला स्वतःच्या परागाने नीट फळ धरत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड आणि दोघांत ये-जा करणाऱ्या मधमाश्या लागतात. १९२१ साली आलेली पिवळी 'गोल्डन डेलिशस' या कामी फार उपयोगी पडली.

आता प्रश्न असा, की एका श्रीमंत परदेशी माणसाची बाग ही साऱ्या मुलखाची शेती कशी झाली? अशा कलमाला चांगले फळ धरायला आठ-दहा वर्षेही लागत. तोवर त्या जमिनीतले धान्य बुडणार. माझ्या वडिलांना कोणी सांगितले असते की ज्वारीच्या वावरात हे झाड लावा, तर त्यांनी त्याला हात जोडून वाटेला लावले असते. कोटगढचे शेतकरीही कचरले. स्टोक्स यांनी शेजाऱ्यांना रोपे दिली, छाटणी आणि कलम शिकवले. त्यांच्या बागेला फळ लागलेले डोळ्यांनी दिसले तेव्हा लोकांचा विश्वास बसला.

पण विश्वासाचे खरे कारण मला दुसरेच वाटते. साहेब लोक सिमल्याहून पहाडात निघाले की शेतकऱ्यांना सक्तीने ओझी वाहावी लागत, मग शेतात पीक उभे का असेना. आपण 'वेठीस धरणे' सहज बोलतो. तिथे ते रोजचे जिणे होते. स्टोक्स यांनी या बेगारीविरुद्ध लोकांना संघटित केले आणि १९२१ साली सरकारला नमते घ्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले ते एकमेव अमेरिकन मानले जातात. १९३२ साली त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. पाठीवरचे ओझे उतरवण्यासाठी जो आपल्याबरोबर उभा राहिला, त्याचे झाड लोकांनी आपल्या बांधात लावले.

बालपणीच वारलेल्या तारा या मुलाच्या नावाने त्यांनी १९२४ साली शाळाही काढली. १९४६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या सूनबाई विद्या स्टोक्स स्वतः बागायतदार. १९८५ ते १९९० या काळात त्या हिमाचल विधानसभेच्या अध्यक्षा होत्या. नात आशा शर्मा यांनी आजोबांचे चरित्र लिहिले, ते १९९९ साली प्रसिद्ध झाले.

आज मात्र या वारशापुढे संकट उभे आहे. 'डेलिशस'ला हिवाळ्यात हजाराहून अधिक तास कडक थंडी मिळाली तरच ती वसंतात नीट फुलते. आता बर्फ कमी पडू लागले आहे. सफरचंद किनौर आणि स्पितीकडे, वर वर सरकत आहे. खालच्या उंचीवरील जुनी झाडे थकली आहेत. नव्या पिढीला प्रश्न पडतो, की आजोबांनी लावलेले झाड राखावे, की ते काढून कमी थंडीत येणाऱ्या नव्या जाती लावाव्यात?

जुने झाड तोडणे म्हणजे आजोबांना विसरणे, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. स्टोक्स यांनी तरी कुठे जुनेच धरून ठेवले होते? मुलखाच्या हवेला आणि लोकांच्या जिभेला मानवेल ते त्यांनी शोधून आणले, आणि हाती आलेले शेजाऱ्याला दिले. काडी बदलली तरी चालेल. ही रीत तेवढी पुढच्या पिढीने सोडू नये.