‘कुठून आलात?’

रेल्वेच्या डब्यात टेकल्यावर माणूस शेजाऱ्याला सहसा विचारतो, ‘कुठं उतरणार?’ पण २२ सप्टेंबर १९९४ रोजी सुरतहून मुंबईकडे निघालेल्या आमच्या गाडीत जो तो विचारत होता, ‘तुम्ही सुरतेत कुठं राहता? वेडरोडला तर नाही ना?’

आदल्या संध्याकाळी शहरात प्लेगची बातमी पसरली आणि रातोरात माणसं गाव सोडू लागली. मी तिथं एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायला होतो. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडाला रुमाल, आणि रुमालाआडून चर्चा. कुणी म्हणे, पाण्यात विष कालवलंय. एकानं टेट्रासायक्लिनची पट्टी काढली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. आमच्या भागातल्या दुकानांतून त्या गोळ्या केव्हाच संपल्या होत्या.

नवसारी गेलं आणि कोपऱ्यातले एक म्हातारे बाबा खोकू लागले. ‘यंत्रमागावरचा जुना खोकला आहे, भाऊ,’ ते परोपरीनं सांगत होते. कुणी ऐकलं नाही. वापी येईतो त्यांना दारापाशी ढकललं गेलं. त्यांनी पाणी मागितलं. माझ्या पिशवीत भरलेली बाटली होती. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

फुप्फुसाचा प्लेग खोकल्याच्या थेंबांतून जवळच्या माणसाला होतो, हे खरं. वेळेवर औषध मिळालं तर रोगी बरा होतो, हेही तितकंच खरं. पण आम्हाला धोका दिसत होता तो फक्त त्या एका म्हाताऱ्यात. खच्चून भरलेल्या डब्यात एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडणारे आम्ही स्वतःला त्यात धरतच नव्हतो.

बोरिवलीला घरी पोचलो. शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, ‘कुठून आलास रे?’

‘बडोद्याहून,’ मी म्हणालो.

आठवडाभर चोरून ताप मोजत होतो. डॉक्टरांकडे गेलो नाही. गेलो असतो तर सुरतेचं नाव सांगावं लागलं असतं. सुदैवानं मला काही झालं नाही. झालं असतं, तर माझ्या त्या एका शब्दानं सगळी चाळ संकटात आली असती.

२०२० मध्ये कोकणात कित्येक गावांनी मुंबईच्या चाकरमान्यांना वेशीवर अडवलं, तेव्हा मला तो डबा आठवला. साथीच्या दिवसांत ‘कुठून आलात?’ हे विचारायलाच हवं. पण विचारणाऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या असला, तर खरं उत्तर मिळण्याची आशा असते. काठी असली, तर माणूस बडोद्याचंच नाव सांगतो.