मावळती दृष्टि आणि मनाचा विरंगुळा



दिवेलागणीची वेळ आपल्या घरांतून मंगल मानली जाते. देवापुढें निरांजन लागतें, तुळशीपाशीं पणती तेवूं लागते, कामावर गेलेलीं माणसें परततात. परंतु ज्यानें मद्य सोडलें आहे अशा मनुष्याला विचारा. चोवीस तासांपैकीं त्याला खरा धाक वाटतो तो याच एका तासाचा. वर्षानुवर्षें या वेळीं त्याचा हात पेल्याकडे वळलेला असतो, आणि मनानें शपथ घेतली तरी देहाला जुनी वेळ आठवतेच. त्यांतच त्याची दृष्टि मंदावूं लागली, तर हा तास ओलांडण्यासाठीं जीं साधनें त्यानें जवळ केलेलीं असतात,—सायंकाळचें वर्तमानपत्र, एखादी कादंबरी, पत्त्यांचा डाव, सायकलवरील रपेट,—तींच एकामागून एक निसटूं लागतात. बाटली मात्र अशी वस्तु आहे कीं ती अंधारांतहि हाताला सांपडते.

या दुहेरी अडचणींत सांपडलेल्या माणसांसाठीं आणि त्यांच्या घरच्यांसाठीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. परक्याचें दुःख दुरून पाहून केलेलें हें वर्णन नव्हे. मद्य सोडल्याला मला नऊ वर्षें झालीं, आणि त्यांपैकीं गेलीं सहा वर्षें काचबिंदु माझी दृष्टि कडेकडेनें कुरतडीत आहे. तेव्हां थोडें अनुभवाचें आणि पुष्कळसें इतरांकडून शिकलेलें असें मी सांगणार आहें.

प्रथम मनांत येणारा एक प्रश्न उघडपणें मांडतों. "दृष्टि तर चाललीच, मग आतां घोटभर घेतली तर काय बिघडलें?" याचें उत्तर नीतीच्या पुस्तकांत शोधण्याचें कारण नाहीं, देहाच्या हिशेबांतच तें सांपडतें. ज्याची दृष्टि जाते तो पुढें चार गोष्टींच्या आधारानें जगतो: कान, स्पर्श, स्मरण आणि तोल. डोळस मनुष्य जिन्याची शेवटची पायरी पाहतो. आम्ही ती मोजतों. मद्य नेमका घाव घालतें तो या आधारांवरच. तें लक्ष विस्कटतें, स्मरण पुसतें, पावलाचा तोल घालवतें, आणि पुष्कळ वर्षें घेत राहिल्यास हातापायांच्या बोटांची संवेदनाहि बोथट करतें. ज्याचे डोळे गेले त्यानें पिणें म्हणजे उरलेले डोळेहि काढून देणें होय.

दुसरी गोष्ट अशी कीं, दृष्टि जाण्याचे प्रकार अनेक आहेत, आणि विरंगुळा निवडण्यापूर्वीं आपला प्रकार कोणता हें नेत्रवैद्याकडून नीट समजून घ्यावें. काचबिंदूंत बहुधा कडेची दृष्टि आधीं जाते व मधली पुष्कळ काळ टिकते. असा मनुष्य पुस्तकाची ओळ वाचील, पण वाटेंत ठेवलेल्या पाटाला अडखळेल. वार्धक्यांत दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होते तेव्हां उलट घडतें: वाटेंतला पाट टळतो, परंतु अक्षर आणि समोरच्याचा चेहरा हरवतो. मधुमेहानें दृष्टिपटलांतील बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या म्हणजे दृष्टि डागाळते आणि तिचा भरंवसा आज एक, उद्यां एक असा होतो. पहिल्यानें बैठे छंद धरावे, दुसऱ्यानें फिरणें व पोहणें सोडूं नये, आणि तिसऱ्यानें आरंभापासूनच डोळ्यांवर न विसंबणारें कांहीं तरी शिकावें.

मद्य सोडतांना आणखी दोन सूचना ध्यानांत ठेवाव्या. नित्य आणि पुष्कळ पिणारानें तें एकाएकीं सोडणें धोक्याचें असतें. तें वैद्याच्या देखरेखीखालींच व्हावें. आणि सोडल्यावर कांहीं आठवडे, कधीं कांहीं महिने, कशांतच गोडी वाटत नाहीं. मेंदूला मद्याच्या मोठ्या हिसक्याची सवय जडलेली असते. लहान सुखाची चाहूल त्याला लागत नाहीं. म्हणून पहिल्या महिन्यांत एखादा छंद बेचव वाटला तर दोष छंदाचा नव्हे. औषध घ्यावें तसा तो नेमानें करीत राहावा. गोडी मागाहून येते.

आतां छंद निवडावा कसा? माझ्या समजुतीनें त्याला तीन कसोट्या लावाव्या. त्यांत हात गुंतले पाहिजेत. आजच्यापेक्षां उद्यां थोडें अधिक जमेल अशी त्यांत वाढ पाहिजे. आणि ठरल्या वेळीं कोणी तरी आपली वाट पाहत असलें पाहिजे. नुसतें ऐकत पडून राहणें,—रेडिओ ऐकणेंसुद्धां, हें मी ध्वनिक्षेपकासमोर बसूनच सांगतों,—वेळ घालवतें, पण वेळ भरून काढीत नाहीं.

या तिन्ही कसोट्यांना संगीत उत्तम उतरतें. बाजाच्या पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनीं बसवलेल्या असतात. त्यांवरून बोट फिरवलें कीं आपण कोठें आहों हें डोळ्यांवांचून कळतें. शिवाय आपली संगीतविद्या मुख्यतः गुरुमुखानें चालत आली आहे. गुरूनें म्हणावें आणि शिष्यानें उचलावें, या पद्धतींत अंध शिष्य डोळसाच्या मागें पडत नाहीं. बाळपणींच दृष्टि गमावलेले बंगालचे गायक कृष्णचंद्र डे यांनीं गायनांत आणि चित्रपटांतहि मोठें नांव मिळवलें. साठाव्या वर्षीं पेटीला हात लावणारा गवई होणार नाहीं, हें खरें. पण त्याला गवई व्हावयाचें नसतें, संध्याकाळ पार करावयाची असते. तेवढ्यासाठीं आळींतलें भजनी मंडळ पुरेसें आहे. टाळ धरावयास दृष्टि लागत नाहीं, आणि एके दिवशीं आपण गेलों नाहीं तर "आज कां आला नाहींत?" असें विचारणारे दहा जण तेथें असतात.

दुसरा छंद बागेचा. त्याला अंगण नसलें तरी गॅलरींतल्या सहा कुंड्या पुरतात. अंधत्वाकडे चाललेल्या मनुष्यानें वासाचीं झाडें लावावीं, आणि त्यांतहि सायंकाळीं दरवळणारीं निवडावीं. उन्हाळ्यांत मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळींच उमलूं लागतात. निशिगंध आणि रातराणीहि दिवस मावळल्यावरच बोलक्या होतात. ज्या तासाचें आपणांस भय, त्याच तासाला हीं झाडें आपणांस बोलावतात. तुळस, मरवा आणि गवती चहा यांचीं पानें तर केव्हांहि चुरडून ओळखतां येतात. पाणी हवें कीं नको हें मातींत बोट पेराएवढें खुपसून कळतें, आणि रोपांमधील अंतर गांठी मारलेल्या दोरीनें मोजतां येतें.

तिसरा छंद सांगतांना पुरुष श्रोते हंसतील, तरीहि सांगतों: स्वयंपाक. मीं तो पन्नाशीनंतर शिकलों. आरंभ विस्तवापासून दूरच्या कामांनीं करावा: लसूण सोलणें, मेथी निवडणें, कणीक मळणें. पुढें फोडणीकडे वळलें म्हणजे ध्यानांत येतें कीं स्वयंपाक हा निम्मा कानांनीं आणि निम्मा नाकानेंच होतो. मोहरी तडतडून थांबली कीं हिंग घालावा. कांदा शिजत आला कीं त्याचा आवाज बसतो. जिरें करपण्यापूर्वीं वासानें सांगतें. साखरेच्या डब्याला एक रबरी वळें आणि मिठाच्या डब्याला दोन, एवढी खूण पुष्कळ झाली. पण डबा जेथून उचलला तेथेंच परत ठेवण्याचा नियम घरांतील सर्वांनीं पाळावा लागतो.

ज्यांचें मन वाचनांत रमतें त्यांना दृष्टि जाण्याचें दुःख सर्वांत अधिक. फ्रान्समधील लुई ब्रेल यानें १८२४ सालीं, अवघ्या पंधराव्या वर्षीं, सहा टिंबांची लिपि सिद्ध केली. भारतीय भाषांसाठीं तिचें एकच रूप १९५१ मध्यें ठरलें, आणि मराठीहि त्याच टिंबांत वाचतां येते. प्रौढपणीं ही लिपि शिकावयास चिकाटी लागते, आणि मधुमेहानें ज्यांचीं बोटें बधिर झालीं आहेत त्यांना ती अवघड जाते. त्यांनीं निराश होऊं नये. आजचा मोबाइल फोन पडद्यावरील मराठी मजकूर मोठ्यानें वाचून दाखवतो, आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालया'सारख्या संग्रहांतून पुस्तकें घरबसल्या मिळतात. मात्र तिसरी कसोटी येथेंहि विसरूं नये: ऐकलेल्या पुस्तकावर आठवड्यांतून एकदां तरी कोणाशीं बोलावें. आपला महाराष्ट्र तर ऐकण्याचा रसिक आहे. कीर्तन आणि प्रवचन हीं जुनींच. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालीं सुरू झाली.

बुद्धिबळहि सुटत नाहीं. अंधांच्या पटावर काळीं घरें पांढऱ्यांपेक्षां किंचित् उंच असतात, प्रत्येक घरांत भोंक असून त्यांत मोहऱ्याची खुंटी बसते, आणि एका रंगाच्या मोहऱ्यांच्या माथ्यावर बारीक टोंक असतें. खेळणारे आपली खेळी तोंडानें बोलून दाखवतात. पट दोन्ही हातांनीं चाचपून डोक्यांत सांठवावा लागतो. त्या वेळीं दुसरा कोणताहि विचार मनांत शिरकाव करीत नाहीं.

आतां ज्याविषयीं क्वचितच बोललें जातें असें एक भय सांगतों. गेल्या पावसाळ्यांत मला कोऱ्या भिंतीवर जाळीदार वेलबुट्टी दिसूं लागली. पुढें अनोळखी माणसांचे चेहरे दिसूं लागले. मद्य सोडतांनाच्या दिवसांत मीं भलतेंसलतें पाहिलेलें होतें. तेव्हां तेंच वेड पुन्हां आलें, नऊ वर्षांचा संयम फुकट गेला, असें मला वाटलें. दोन दिवस मीं घरांत ब्र काढला नाहीं, आणि त्या दोन संध्याकाळीं मला जेवढी तहान लागली तेवढी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

वस्तुतः हें वेड नव्हतें. जिनीव्हा येथील शास्त्रज्ञ शार्ल बॉने यानें १७६० सालीं आपल्या आजोबांची अशीच हकीकत लिहून ठेवली आहे. दृष्टि गमावलेल्या त्या वृद्धाला माणसें, पांखरें आणि इमारती दिसत. पण त्या खऱ्या नाहींत हें त्याला पक्कें ठाऊक असे. डोळ्यांकडून येणारा मजकूर कमी झाला म्हणजे मेंदू कधीं कधीं स्वतःचींच चित्रें काढतो. मद्य तोडल्यावरचा भ्रम निराळा: तो बहुधा दोन ते चार दिवसांत येतो, अंग थरथरतें, घाम सुटतो, स्थळकाळाचें भान जातें, आणि तेव्हां क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें लागतें. पहिल्या प्रकारांत शुद्ध स्वच्छ असते आणि चित्रें मुकीं असतात. तरीहि निर्णय आपण न करतां वैद्याला सांगावें. मला हें कळलें तें मीं तोंड उघडलें म्हणून.

आणि तोंड उघडलें तें आमच्या सभेंत. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मद्यमुक्तांची संघटना अमेरिकेंत १९३५ सालीं जन्मली, आणि भारतांत तिचें कार्य १९५७ पासून चालूं आहे. तेथें एकानें बोलावें आणि इतरांनीं ऐकावें. डोळ्यांचें कांहीं काम नाहीं. अडचण एकच, तेथवर पोंचण्याची. कारण मंद दृष्टीच्या मनुष्याला रात्रीचा रस्ता दिवसाच्या दसपट कठीण. तेव्हां सोबत मागण्याची लाज धरूं नये. सोबत्यानेंहि आम्हांला दंडाला धरून ओढूं नये. आम्हीं त्याच्या कोंपराच्या वर हात ठेवावा आणि अर्धें पाऊल मागून चालावें. मग त्याच्या अंगाच्या हालचालीवरूनच पायरी आणि वळण कळतें.

घरच्या मंडळींना एवढीच विनंति कीं दयेपोटीं आमच्या हातचें काम काढून घेऊं नका. रिकामा हात हाच आमचा मोठा शत्रु आहे. सांडलें तर सांडूं द्या, आम्ही पुसूं.

ज्या श्रोत्यांची दृष्टि अजून थोडी शिल्लक आहे त्यांनीं ती संपण्याची वाट पाहूं नये. पेटीच्या पट्ट्या, डब्यांची रांग, सभेचा रस्ता, हें सर्व डोळे आहेत तोंवरच मिटल्या डोळ्यांनीं गिरवून ठेवावें. आज संध्याकाळीं सहा ते सात या तासासाठीं एक काम आणि एक माणूस ठरवा, आणि त्या माणसाला आत्तांच तसें सांगून ठेवा. उद्यांचें उद्यां पाहूं.