बोटभर झाडांची चित्रं

स्वालबार्डमध्ये झाड पाहायचं तर गुडघे टेकावे लागतात. नॉर्वेचा मुख्य भूभाग आणि उत्तर ध्रुव यांच्या मधल्या या बेटांवर ध्रुवीय विलो वाढतो. आपल्याकडे ओढ्याकाठी उभ्या असणाऱ्या वाळुंजाचा हा सख्खा भाऊबंद. पण याचं खोड शेवाळाखाली आडवं पसरतं. वर दिसतात ती नखाएवढी गोल पानं आणि एखादा तुरा.

अशा वनस्पतींची चित्रं काढणं ही इथली धीराची कला आहे. लाँगइयरब्येनला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, म्हणून उजेडाची घाई नसते. अडचण वेगळीच असते. सूर्य क्षितिजाभोवती फिरतो आणि सावल्याही फिरत राहतात. त्यामुळे चित्रकार दिसणारी सावली उतरवत नाही. वनस्पतिचित्रणाच्या रिवाजाप्रमाणे प्रकाश डावीकडून वरून येतो असं धरून तो छटा देतो. जलरंग गारठ्यात लवकर वाळत नाहीत, त्यामुळे माळावर भरवसा पेन्सिलीवरच. सोबत भिंग, मापं घ्यायला कंपास आणि गुडघ्यांखाली ओल न झिरपणारी चटई. वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलाचा धोका असतो. म्हणून कागदावर मान घातलेल्या माणसासाठी दुसऱ्या कुणीतरी चौफेर लक्ष ठेवावं लागतं.

सायलीन अकॉलिस या वनस्पतीची गुलाबी फुलं उशीसारख्या घट्ट झुबक्यावर उमलतात. वाऱ्यापासून बचावलेल्या त्या झुबक्याच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा अधिक ऊब असते. फुलं आधी दक्षिणेच्या अंगाला येतात, म्हणून जाणकार चित्रकार रेखाटनाच्या कोपऱ्यात दिशा आणि तारीख टिपून ठेवतो. विलोचं काम याहून किचकट. त्याचे नर आणि मादी तुरे वेगवेगळ्या झाडांवर येतात, तेव्हा एका झाडावर भागत नाही. पुंकेसर एकीकडे मोजायचे, फळं दुसरीकडे पाहायची. आणि जमिनीतलं खोड? ते उकरता येत नाही, कारण स्वालबार्डमध्ये वनस्पतींना कायद्याचं संरक्षण आहे. मग संग्रहालयात जपून ठेवलेला जुना वाळवलेला नमुना समोर ठेवून चित्र पुरं करायचं.

छायाचित्रापेक्षा रेखाचित्र सरस ठरतं ते इथे. छायाचित्रात एक झाड आणि एक क्षण येतो. रेखाचित्रात अख्खी जात येते. नॉर्वेच्या डाग्नी टांडे लिड (१९०३–१९९८) यांनी हे काम आयुष्यभर केलं. पती योहानेस लिड यांच्या १९४४च्या 'नॉर्स्क फ्लोरा'पासून ओलाफ रॉनिंग यांच्या १९६४च्या स्वालबार्डवरच्या पुस्तकापर्यंत, आणि एरिक हुल्टेन यांच्या १९६८च्या अलास्कावरच्या ग्रंथातही त्यांच्या रेषा आहेत. पानाच्या कडेचा एखादा दात, देठावरची लव, ज्यावरून जात ठरते तेवढंच त्या रेषा ठळक करतात.

याच बेटांवर न्यू-ऑलेसुंडला भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८पासून आहे. इथे तापमान जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतं आहे. कोणती वनस्पती कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या अवस्थेत होती, हे पुढच्या अभ्यासकाला लागणारच आहे. उपग्रहाला हिरवा पट्टा दिसतो, पण त्यातलं नखाएवढं पान कोणत्या जातीचं, हे जवळ बसून पाहणाऱ्यालाच कळतं. म्हणून भिंग आणि पेन्सिल घेऊन माळावर घालवलेला तो निवांत दिवस मला विज्ञानाचंच काम वाटतो, आणि अशी माणसं तयार होत राहणं ही आजची गरज.