फॅक्सचे खरे वय

फॅक्स हे टेलिफोनचे धाकटे भावंड असून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी कारखानदारांच्या कल्पकतेतून ते एकाएकी अवतरले, अशी समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. आणि ज्यांनी हा शब्द नव्वदच्या दशकात आपल्याकडील एसटीडी-पीसीओच्या पाट्यांवर प्रथम वाचला, त्यांचा तसा ग्रह झाला असल्यास नवल नाही. वस्तुतः लिखिताची प्रतिकृती विजेच्या तारेने दूर उमटविण्याच्या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने 1843 साली मिळविले होते, आणि बेलच्या टेलिफोनचे पेटंट त्यानंतर तब्बल 33 वर्षांनी नोंदले गेले.

बेनची ती कल्पना केवळ कागदावरच राहिली असेल, हा तर्कही टिकत नाही. जोव्हान्नी कासेल्ली या इटालियन धर्मगुरूने सिद्ध केलेले, माणसाहूनही उंच असे पँटेलिग्राफ यंत्र फ्रेंच सरकारच्या तारखात्याने 1865 साली पॅरिस आणि लियाँ या शहरांदरम्यान रीतसर रुजू केले. धातूच्या पत्र्यावर विद्युत्‌रोधक शाईने लिहिलेला मजकूर दुसऱ्या टोकास रासायनिक कागदावर उमटे, आकार शब्दांवर नव्हे तर क्षेत्रफळावर, दर चौरस सेंटिमीटरला 20 सांतीम, असा घेतला जाई (बारीक अक्षराला इतका रोख मोबदला अन्यत्र क्वचितच मिळाला असेल), आणि पेढीवाले त्याचा उपयोग मुख्यतः सह्यांच्या शहानिशेसाठी करीत. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ही सेवा खंडित झाली, ती कायमचीच.

यंत्र सदोष म्हणून ते मागे पडले, असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, कारण दोन्ही टोकांची गती तंतोतंत जुळविणे हे कर्म मोठे कटकटीचे होते. परंतु खरी अडचण अशी, की साधा मजकूर मोर्सच्या तारेने कितीतरी स्वस्तात आणि त्वरेने जात असता चित्ररूप अक्षरांचा हा खर्च करावा कोणी? म्हणूनच पुढील कित्येक दशके हे तंत्र मुख्यतः वृत्तपत्रांच्या छायाचित्रांपुरते उरले. शिवाय अमेरिकेत परक्या कारखान्याचे उपकरण टेलिफोनच्या तारेला जोडण्यास 1968 च्या कार्टरफोन निवाड्यापर्यंत मज्जावच होता. त्याच वर्षी ठरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका पृष्ठास सुमारे सहा मिनिटे लागत, आणि एका कंपनीच्या यंत्राचे दुसरीच्या यंत्राशी जुळेलच, याचा भरवसा नसे. 1980 साली मंजूर झालेल्या तिसऱ्या श्रेणीच्या मानकाने ती मुदत मिनिटाच्या आत आणली आणि सर्व यंत्रांना एका करारात बांधले. माझ्या मते फॅक्सचे व्यावहारिक आयुष्य मोजावयाचे तर ते पेटंटाच्या सनदेपासून नव्हे, या करारापासून मोजावे. एकट्याने बाळगून ज्याचा काडीचा उपयोग नाही, अशा यंत्राला दुसरा मार्ग नव्हता.

जपानचे श्रेय मात्र नाकारता येत नाही. हजारो चिन्हांची त्यांची लिपी टंकयंत्रात आणि टेलेक्समध्ये मावत नव्हती, हस्तलिखित जसेच्या तसे पाठविण्याची निकड तेथे खरीखुरी होती, आणि तिनेच त्या कारखानदारांना ही यंत्रे लहान व स्वस्त करण्यास प्रवृत्त केले.

ई-मेल येताच फॅक्स संपला, ही समजूतही तितकीच घाईची आहे. 2021 साली खुद्द जपानच्या प्रशासन-सुधारणा मंत्र्यांनी सरकारी कचेऱ्यांतून त्याची हकालपट्टी करण्याचे योजिले, तेव्हा खात्याखात्यांतून शेकडो हरकती दाखल झाल्या आणि तो बेत बारगळला.