वॉशिंग मशीन अडले, तर आधी काय पाहावे?



आपल्या मच्छे गावात आता बऱ्याच घरांत वॉशिंग मशीन आले आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पावसाची झड लागते. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलेच राहतात आणि शाळेचा गणवेश सकाळी इस्त्री फिरवून वाळवावा लागतो. नेमक्या याच दिवसांत मशीन बंद पडले की घरातील सगळे गणित कोलमडते. बेळगावहून मेकॅनिक येईपर्यंत दोन-चार दिवस जातात. तो येतो, एक जाळी धुतो आणि आल्याचे पैसे घेऊन जातो. यात त्याची काही चूक नाही. जाळी आपण पाहिली नव्हती, एवढेच.

खरे तर हे यंत्र आपल्याला परके नाही. औद्योगिक वसाहतीत काम करणारे पालक रोज मोटर, पट्टा, पुली आणि बेअरिंग यांच्यातच वावरतात. वॉशिंग मशीनमध्येही तेच असते. त्यात फक्त पाण्याची भर पडलेली असते, आणि पाणी व वीज एकत्र आल्यामुळे सुरुवात विजेपासूनच करावी लागते.

यंत्राला हात लावण्यापूर्वी प्लग काढायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही. काही घरांत वायरिंग करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असते. अशा ठिकाणी बटण बंद असले तरी यंत्राच्या आत वीज असते.

"आमचे मशीन थोडा करंट मारते, पण चप्पल घालून वापरले की काही होत नाही," असे अनेक घरांत सहज बोलले जाते. हे वाक्य ऐकले की मशीन त्याच क्षणी बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लगची जाड तिसरी पिन अर्थिंगची असते. यंत्रात कुठे गळती झाली तर ती वीज या तारेने जमिनीत जावी, अशी योजना आहे. अर्थिंग नसेल किंवा तार तुटलेली असेल, तर वीज पत्र्यावर थांबते आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसातून वाट काढते. दोन पिनांचा जोड लावून मशीन चालवणे म्हणजे ही योजनाच मोडणे होय. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामधील दाब मीटरने मोजून घ्यावा. तो फेज आणि न्यूट्रलमधील दाबाएवढा, म्हणजे सुमारे २३० व्होल्ट यायला हवा. शक्य असल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. साधा एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाले तरच पडतो. माणसाला धोका पोहोचवणारी लहान गळती त्याला कळत नाही. घरातील सर्व दुरुस्त्यांत मी हीच पहिली मानतो, मग मशीन धडधाकट का असेना.

आता नेहमीच्या तक्रारींकडे वळू. आपल्याकडे दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन बरेच वापरात आहे. त्याचे पाणी जात नसेल, तर प्रथम नळी पाहावी. या प्रकारच्या बहुतेक यंत्रांत पाणी बाहेर फेकणारा पंप नसतो. पाणी उताराने आपले आपण जाते. म्हणून नळीचे तोंड टबाच्या तळापेक्षा खाली असावे लागते. मोरीच्या उंच कठड्यावर नळी टाकली की टब अर्धा भरलेलाच राहतो. नळी बरोबर असेल, तर निचऱ्याच्या झडपेत धागे, बटण किंवा मोज्याचा तुकडा अडकलेला असण्याचा संभव असतो.

मोटरचा गुणगुण आवाज येतो पण तळाची चकती फिरत नाही, तेव्हा तीन शक्यता असतात. एक म्हणजे कपडे जास्त झाले आहेत. दुसरी म्हणजे पट्टा सैल झाला आहे किंवा तुटला आहे. तिसरी म्हणजे कपॅसिटर गेला आहे. कपडे कमी करून पाहणे सर्वांना जमते. पट्टा पाहायला मागचे झाकण उघडावे लागते. पट्टा बदलायचा असल्यास जुना सोबत न्यावा, त्यावर छापलेला क्रमांक दाखवला की दुकानदार तसाच देतो. कपॅसिटरच्या वाटेला मात्र जाऊ नये. प्लग काढल्यानंतरही त्यात काही वेळ वीज साठून राहते. संध्याकाळी व्होल्टेज उतरले तरी मोटर अशीच गुणगुणते. म्हणून सकाळी एकदा लावून पाहिल्याशिवाय मोटरला दोष देऊ नये.

ड्रायर फिरत नसेल, तर बहुधा झाकण नीट बसलेले नसते. झाकणाखालचा स्विच दाबला गेल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. झाकण उघडताच ड्रायर थांबवणारा ब्रेकही असतो. झाकण उघडल्यावरही ड्रायर बराच वेळ फिरत राहत असेल, तर तो ब्रेक दुरुस्त होईपर्यंत वापर बंद ठेवावा. फिरत्या कपड्यांत हात घालून मुलांची बोटे, मनगटे मोडू शकतात. पुष्कळदा लहान रुमाल ड्रायरच्या टबाबाहेर पडून खाली गुंडाळला जातो आणि टब अडतो. म्हणून कपड्यांवर ती जाळीची चकती न विसरता ठेवावी.

ऑटोमॅटिक मशीनमध्ये पाणी येत नाही ही तक्रार आपल्याकडे फार असते, आणि त्यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. नळ बंद करून मागची नळी काढली की व्हॉल्व्हच्या तोंडाशी एक बारीक जाळी दिसते. तीत टाकीतील गाळ, गंज आणि शेवाळ साठते. ती पकडीने हलकेच ओढून जुन्या दातांच्या ब्रशने धुवावी. जाळी साफ करूनही धार बारीकच असेल, तर दहावीच्या मुलांनी थोडे गणित करावे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो. अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत किमान ०.३ ते ०.५ बार दाब मागितलेला असतो, म्हणजे पाणी ३ ते ५ मीटर उंचीवर हवे. एकमजली घराच्या स्लॅबवर टेकवलेली टाकी मशीनच्या व्हॉल्व्हपासून जेमतेम अडीच-तीन मीटर वर असते. मग व्हॉल्व्ह बदलून काय उपयोग? टाकी दीड मीटर उंच चौथऱ्यावर चढवावी, किंवा दाब वाढवणारा लहान पंप बसवावा. एलजीच्या यंत्रांवर अशा वेळी 'आयई' अशी अक्षरे उमटतात. 'ओई' म्हणजे पाणी बाहेर जात नाही आणि 'यूई' म्हणजे कपड्यांचा तोल गेला आहे. इतर कंपन्यांच्या खुणा वेगळ्या असतात, त्यामुळे पुस्तिका रद्दीत देऊ नये.

पाणी बाहेर जात नसेल, तर समोरून कपडे घालायच्या मशीनला खाली कोपऱ्यात एक लहान झाकण असते. खाली परात ठेवून ते हळूहळू उघडावे. नाणी, केसांच्या पिना, सेफ्टी पिना, पेन्सिलीचे तुकडे असा ऐवज तिथे निघतो. विद्यार्थ्यांनो, यातील बराचसा तुमच्या खिशातला असतो!

मशीन थडथडत जागचे सरकते, यामागेही शास्त्र आहे. पिळताना टब मिनिटाला १००० फेरे घेतो असे धरा, आणि त्याची त्रिज्या २४ सेंटीमीटर. हिशेब केला तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २७० पट ओढ येते. एका बाजूला अर्धा किलो जास्त झाले, तर जणू १३० किलोंहून अधिक वजन फिरत फिरत टबाला ओढते. म्हणून एकटी चादर किंवा जाड ब्लँकेट घालू नये, सोबत दोन-चार कपडे टाकावेत. चारही पाय फरशीवर घट्ट टेकवावेत. नवे मशीन असेल, तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढले आहेत ना, हे पाहावे. तोल साधूनही घरघर येत असेल, तर बेअरिंग गेले आहे. ते काम घरी होत नाही.

बोअरच्या पाण्याबद्दल वेगळे सांगायला हवे. जड पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि हीटरवर पांढरा थर बसतो. कपडेही राठ होतात. बाटलीत थोडे पाणी आणि अंगाच्या साबणाचा तुकडा घालून हलवावे. फेस न येता साय धरली तर पाणी जड आहे. पुस्तिकेत मनाई नसल्यास दोन-तीन महिन्यांतून एकदा १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवावे. त्यात ब्लीच कधीही मिसळू नये, कारण विषारी क्लोरीन वायू सुटतो. वापरानंतर दार किलकिले ठेवले की वास येत नाही. पण घरात रांगते-चालते मूल असेल, तर वास पत्करावा आणि दार बंदच ठेवावे. मुले आत शिरून बसतात.

भाताच्या सुगीनंतर उंदीर घरात शिरतात आणि मशीनच्या उघड्या तळातून आतील वायरी कुरतडतात. पायांच्या उंचीएवढी बारीक तारेची जाळी भोवती लावली तर हा खर्च टळतो. हवा जायला जागा मात्र ठेवावी.

एवढे पाहूनही मशीन चालले नाही, किंवा जळका वास आला, पाणी वायरींपर्यंत गेले, तर प्लग काढून मेकॅनिकलाच बोलवावे. फोनवर त्याला मॉडेल क्रमांक, पडद्यावरील अक्षरे आणि यंत्र नेमके कोणत्या टप्प्यावर थांबते ते सांगावे, म्हणजे लागणारा भाग तो पहिल्याच फेरीत सोबत आणेल.