जपानला ज्युदो शिकायला जाताना

शहरात गल्लोगल्ली कराटे-ज्युदोचे क्लास निघाले, तेव्हापासून आपल्या मुलामुलींच्या मनात एक प्रश्न आहे. जपानला जाऊन ही विद्या शिकता येईल काय? येते. परंतु तिकिटाचे पैसे जमवण्याआधी तिथे काय आणि कसे शिकवतात, हे ठाऊक असलेले बरे. येथे आम्ही ज्युदोपुरतेच लिहीत आहोत, कारण या विद्येचा इतिहास सनावळीनिशी उपलब्ध आहे.

ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो (१८६०-१९३८) हे लढवय्या सामुराईंच्या घरातले नव्हेत. साके नावाची तांदळाची दारू गाळणाऱ्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. अंगाने किरकोळ, थोराड मुलांचा मार चुकवावा म्हणून ते जुजुत्सू शिकले, असे सांगतात. पुढे टोकियो विद्यापीठाचे पदवीधर झाले, शिक्षक झाले. १८८२ साली त्यांनी टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात अवघ्या १२ चटयांवर 'कोदोकान' सुरू केले. शिष्य आपटण्याच्या दणक्यांनी मंदिरातील स्मृतिफलक खाली पडत आणि भिक्षू कुरकुर करीत, अशी आठवण आहे. बोधिधर्माने भारतातून ही युद्धविद्या नेली, असे अनेक माहितीपत्रकांत छापलेले असते. त्यास इतिहासाचा आधार नाही. पण कोदोकानचे पहिले छप्पर बौद्ध मंदिराचे होते, हे मात्र खरे.

जुजुत्सूच्या जुन्या घराण्यांत विद्या गुंडाळ्यांत लिहून ठेवीत आणि ठेवणीतले डाव मोजक्याच शिष्यांना सांगत. कानोंनी दोन घराण्यांची विद्या शिकून त्यातले घातक डाव सरावाबाहेर काढले, उरलेल्यांची नीट मांडणी केली आणि शिकण्याच्या पायऱ्या ठरवल्या. येणाऱ्याने नोंदवहीत नाव लिहायचे, नियम पाळायचे आणि शिकायला लागायचे. विद्या दाराआड ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच आम्हांला त्या नोंदवहीचे महत्त्व डावपेचांहून अधिक वाटते. अर्थात स्त्रियांसाठी दार अर्धेच उघडले. कोदोकानात स्त्रियांचा विभाग १९२६ साली निघाला खरा, पण स्पर्धेपासून त्यांना दीर्घकाळ दूर ठेवण्यात आले. पुरुषांचा ज्युदो १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आला. स्त्रियांच्या ज्युदोची पदके थेट १९९२ साली बार्सिलोनात मिळू लागली.

ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. रवींद्रनाथांनी १९०५ साली सानो जिन्नोसुके यांना आणि १९२९ साली कोदोकानचे ताकागाकी शिन्झो यांना शांतिनिकेतनात शिकवण्यासाठी आणले. ताकागाकींच्या वर्गात मुलीही होत्या. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. त्याच वर्षी ऑलिंपिक समितीच्या बर्लिनमधील बैठकीस कानोही हजर होते. आपली तालीम आणि त्यांचा दोजो एकाच गावी होते म्हणायचे.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे येऊ. ज्याने आपल्याकडची तालीम पाहिली आहे त्याला दोजो परका वाटणार नाही. पादत्राणे बाहेर, आत शिरताना वाकून नमस्कार, समोरच्या जोडीदारालाही नमस्कार, मग तो कितीही लहान असो. आपल्याकडे पठ्ठे माती खणतात, तिकडे शिष्य जमीन झाडतात, पुसतात. पैसे भरून आलो म्हणून झाडू चुकत नाही. नवशिक्याला प्रथम उकेमी, म्हणजे पडणे शिकवतात. मागे, बाजूला, पुढे गडगडत पडायचे, हाताने चटईवर थाप मारायची आणि हनुवटी छातीशी लावून डोके वाचवायचे. ज्याला पडता येत नाही त्याला कुणी मनापासून फेकीत नाही आणि ज्याला कुणी फेकीत नाही त्याला फेकणे येत नाही. हे पडणे इथेच पक्के करून जावे. विमानाचे भाडे भरून तिकडे जाऊन ते शिकण्यात अर्थ नाही.

शिकवणे बहुतेक जपानीत चालते आणि बोलणे कमीच. पाहून शिकण्याला तिकडे 'मितोरी गेइको' असा शब्दच आहे. दुखापत झालेला शिष्यही गणवेश घालून कडेला बसतो व पाहतो. तेव्हा सहा महिने जपानी भाषेचा अभ्यास करून गेलेला विद्यार्थी दुप्पट शिकून येईल, असा आमचा अंदाज आहे.

काळ्या पट्ट्याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. त्या पहिल्या श्रेणीचे नाव 'शोदान', म्हणजे आरंभीची पायरी. जपानात शाळकरी मुलेही तो बांधतात. पंधरा दिवसांत जपानचा काळा पट्टा मिळवून देतो म्हणणाऱ्याला कोणीही पैसे देऊ नयेत.

पैशांचा प्रश्न आमच्या नोकरीतला, म्हणून स्पष्ट लिहितो. नव्वद दिवसांपर्यंतचा मुक्काम अल्पकालीन व्हिसावर होतो. त्याहून अधिक राहायचे तर सांस्कृतिक शिक्षणासाठी वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी आधी तिकडच्या यजमान संस्थेमार्फत पात्रतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते व मग व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. या व्हिसावर वेगळ्या परवानगीशिवाय पगारी काम करता येत नाही. सबब तिकडे कमावून इकडचे कर्ज फेडू, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. सोने गहाण टाकून जाऊ नये. दोन-तीन वर्षांचे आवर्ती ठेव खाते उघडावे आणि तेवढ्या काळात इथला सराव व भाषा दोन्ही करावे.

विद्यार्थ्यांसाठी याहून चांगली वाट पदवी शिक्षणाची आहे. कानो ज्या उच्च शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाचे प्राचार्य होते, त्याची वारस संस्था म्हणजे आजचे त्सुकुबा विद्यापीठ. तेथे क्रीडाशास्त्र शिकवतात. जपान सरकारची शिष्यवृत्ती वकिलातीमार्फत मिळू शकते. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. मात्र ती नुसत्या दोजोच्या सरावासाठी नसून उच्च शिक्षणासाठी आहे आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहून घ्यावी.

कोदोकानची आजची इमारत टोकियोच्या बुंक्यो भागात आहे. परदेशी शिष्यांसाठी तेथे राहण्याची सोयही आहे. जानेवारीत कांगेइको हा थंडीतला सराव सुमारे दहा दिवस पहाटे चालतो, तर जुलैत ऐन उकाड्यातला. मराठवाड्याच्या मुलाला उकाड्याचे काही वाटणार नाही. जानेवारीसाठी मात्र गरम कपडे न्यावेत.