चेंडू सुटला, तरी गुण मिळतो!

बालमित्रांनो, शारीरिक शिक्षणाच्या तासाला बाईंनी चेंडू काढला की तुम्हाला कोण आनंद होतो! पण त्याच बाई वही उघडून म्हणाल्या, "आज चाचणी आहे," तर? पोटात गोळा येतो ना?

मी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या परिसरात शिकवते. आमचं मैदान म्हणजे उतरता माळ. चेंडू सुटला की धावा त्याच्या मागे! पूर्वी माझी चाचणी अगदी सरळ असे. दहा चेंडू टाकायचे, जितके झेलले तितके गुण. चौथीतल्या एका मुलीने दोनच झेलले. मी वहीत '२' लिहिले आणि पुढच्या मुलाला हाक मारली. पुढच्या तासाला ती झाडाखाली बसून राहिली. म्हणाली, "बाई, पाय दुखतोय."

मधल्या सुट्टीत पाहते तर काय, तीच मुलगी लगोरी खेळत होती! सात चपटे दगड, चिंध्यांचा चेंडू. पहिल्याच फेकीत तिने लगोरी फोडली. चिंध्यांचा चेंडू अंगावर आला तरी ती हटत नव्हती. मग माझ्या तासाला काय होत होतं? पुन्हा नीट पाहिलं. माझा चेंडू टणक होता. तो जवळ आला की ती डोळे मिटून तोंड फिरवायची. तिला भीती वाटत होती, आणि माझ्या '२' मध्ये ते कुठेच दिसत नव्हतं. नापास झाली होती ती माझी चाचणी!

तेव्हापासून मी किती झेलले यापेक्षा कसे झेलले ते पाहते. तुम्हीही पाहा.

झेल : नजर शेवटपर्यंत चेंडूवर आहे का? हात पुढे, बोटं सैल आहेत का? चेंडू हातात येताच हात छातीकडे ओढले का? हात मागे घेतले की चेंडू थांबायला जास्त वेळ मिळतो, म्हणून फटका कमी बसतो आणि चेंडू उसळून निसटत नाही.

फेक : उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे हवा. डावखुऱ्यांचं उलट. त्यामुळे कंबर आणि खांदा वळतो, अन् साऱ्या अंगाचा जोर चेंडूला मिळतो.

टप्पे : चेंडू तळहाताने थापटायचा नाही, बोटांनी खाली ढकलायचा. उसळी कमरेएवढीच ठेवायची.

यातली एकेक गोष्ट जमली की वहीत एकेक खूण. म्हणजे चेंडू सुटला तरी नजर नीट होती, याचा गुण मिळतोच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातही मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्याने करा, असंच सांगितलंय. एका दिवसाच्या परीक्षेवर मुलाला तोलायचं नाही.

आणि ती मुलगी? तिला आधी चिंध्यांचा चेंडू दिला, मग मऊ रबराचा, मग नेहमीचा. महिन्याभराने दहापैकी सहा झेलले. सातवा सुटला तेव्हा स्वतःच ओरडली, "बाई, नजर हलली!" चूक आपली आपल्याला कळली, याहून मोठा गुण कोणता?

पालकहो, "किती मिळाले?" असं विचारण्याआधी अंगणात मुलाबरोबर दहा चेंडू खेळून पाहा. मुलांनो, आजचे झेल वहीत लिहा, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. शेजारच्या बंड्याशी तुलना नको हं! स्पर्धा फक्त कालच्या आपल्याशी.